स्कूटरचा रहिवास

माणूस कोठे राहतो हे कागदावर सिद्ध करून देणे, हा माझा व्यवसाय आहे. भाईंदरमधील एका सरकारी कचेरीच्या फाटकासमोर, निळ्या ताडपत्रीखाली माझे टेबल गेली अनेक वर्षे मांडलेले आहे आणि त्या टेबलावरून उठलेला अर्ज सहसा परत येत नाही, असा माझा लौकिक आहे. शाळा माझी नववीत सुटली. भाषा मात्र मी सोडली नाही. ज्यांची नावे रेशनकार्डावरून गळाली, ज्यांच्या घराला बिल्डरने एक नंबर दिला आणि महापालिकेने दुसरा, जे मुंबईतून इकडे राहायला आले परंतु ज्यांचे मत अजून गिरगावातच पडते, अशा सर्वांना मी माझ्या लेखणीने एकेका पत्त्यावर आणून बसवले आहे. तथापि एखाद्या स्कूटरचा रहिवास सिद्ध करण्याची वेळ माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

ती वेळ उंबरगावच्या एका ताईने आणली. उंबरगाव म्हणजे महाराष्ट्र संपला की लगेच लागणारे गुजरातमधले गाव. तिचे घर तिथे, नवरा तिथल्याच कारखान्यात पाळीने कामाला, आणि मुलगी तिथल्याच शाळेत दुसरीला. ताई स्वतः मात्र आमच्या हाटकेश भागातील एका रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे सांभाळीत असे. पहाटे निघायचे, विरारला गाडी बदलायची, भाईंदरला उतरायचे आणि पहिल्या पाळीचे रुग्ण येण्याआधी हाटकेश गाठायचे, असा तिचा क्रम होता. त्यासाठी तिने आपली स्कूटर इकडे आणून ठेवली होती. सकाळी स्टेशनवरून रुग्णालय, संध्याकाळी रुग्णालयातून स्टेशन, एवढाच त्या स्कूटरचा संसार. दुरून नोकरीला येणारे पुष्कळजण अशी एक गाडी कामाच्या बाजूला ठेवतात. घरचे लोक ती गाडी वर्षानुवर्षे पाहतसुद्धा नाहीत.

उंबरगावकडे परतणाऱ्या गाड्या मोजक्या. रिक्षाच्या रांगेत अडकले की संध्याकाळची सोयीची गाडी हुकते, आणि नंतरच्या गाडीने घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपी जाते. ताईने मला हे पहिल्याच भेटीत सांगितले. स्कूटर आहे म्हणून मायलेकी एका ताटात जेवतात. स्कूटर गेली तर एकतर नोकरी सोडायची, नाहीतर मीरा रोडला खोली घेऊन मुलीला फक्त रविवारी भेटायचे. नवऱ्याची नोकरी तिकडे पक्की असल्यामुळे सगळे घर इकडे हलवणे शक्यच नव्हते.

आता स्कूटर जाण्याचा प्रश्न कोठून आला, तर तिच्या पाटीवरून. पाटी गुजरातची. हाटकेशच्या सिग्नलला एका हवालदाराने तिला थांबवले आणि ही गाडी इकडे किती काळ आहे असे विचारले. ताईने सरळ मनाने सांगितले, तीन वर्षे. हवालदार भला माणूस होता. त्याने गाडी अडकवून ठेवली नाही, पण परिवहन कार्यालयात जाऊन हा प्रश्न मिटवा, पुढच्या वेळी गाडी उचलावी लागेल, असे बजावले. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर तिला येथला नंबर घ्यावा लागतो, हा नियम त्याने तिला रस्त्यावरच समजावला. ताईचे म्हणणे असे की, मी तर येथे राहतच नाही, रोज रात्री माझ्या राज्यात परत जाते, मग मला हा नियम कसा लागेल?

मलाही ते म्हणणे बिनतोड वाटले. मी तिला टेबलासमोरच्या बाकावर बसवले आणि अर्ज लिहायला घेतला.

त्या अर्जाबद्दल मला आजही अभिमान आहे. सदर अर्जदार ही गुजरात राज्याची कायम रहिवासी असून केवळ उदरनिर्वाहार्थ प्रतिदिनी सीमा ओलांडते व प्रतिदिनी स्वगृही परतते, हे मी अशा रीतीने मांडले की वाचणाऱ्याला तिच्या उंबरठ्यावर लावलेला दिवा दिसावा. सोबत वीजबिल, ग्रामपंचायतीचा दाखला, मुलीच्या शाळेचे पत्र आणि रेल्वेचा मासिक पास जोडला. पासावर तर मी विशेष जोर दिला. रोज घरी जाण्याचा याहून मोठा पुरावा तो कोणता?

माझ्या शेजारी एक दलाल बसत असे. त्याचे टेबल नव्हते, नुसती एक प्लास्टिकची खुर्ची आणि दोन मोबाईल. तो माझा अर्ज मान वाकडी करून वाचत होता. म्हणाला, "वकीलसाहेब, हे वाचून होईपर्यंत ताईंची पोरगी कॉलेजला जाईल."

मी पुढचे वाक्य लिहायला घेतले. ज्याने आयुष्यात स्वतःचे एक वाक्य लिहिले नाही, त्याच्याशी वाक्याच्या लांबीवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

परिवहन कार्यालयात मी सहसा जात नाही. माझे काम टेबलावर संपते. परंतु प्रकरण वेगळे असल्यामुळे ताईसोबत गेलो. आमच्या शहराला नुकताच गाड्यांचा स्वतंत्र नंबर मिळाला होता. आजवर आमच्या गाड्या ठाण्याच्या नावाने फिरत, त्यामुळे त्या दिवसांत तिथल्या रांगेतही एक प्रकारचा उत्साह असे. खिडकीपलीकडून आम्हाला एका अधिकारी बाईंकडे पाठवण्यात आले. त्यांनी अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, जोडलेले कागद उलटले, पास हातात धरला आणि चष्मा काढून आमच्याकडे पाहिले.

"काका, अर्ज छान लिहिलाय," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ताईंचा रहिवास सिद्ध केलाय. मला गाडीचा हवाय. ताई रोज घरी जातात. गाडी जाते का?"

ताईने माझ्याकडे पाहिले आणि मग खरे तेच सांगितले. "नाही मॅडम. गाडी ट्रेनमध्ये कशी चढणार?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी समजावून सांगितले की, जो माणूस स्वतःची गाडी चालवत सीमेपलीकडून येतो आणि तीच घेऊन रात्री परत जातो, त्याची गोष्ट निराळी. येथे मालकीण गुजरातची आणि गाडी मुक्कामाला महाराष्ट्रात. पासानेच दाखवून दिले होते की ताई घरी जाते तेव्हा स्कूटर भाईंदरला असते. त्या अर्जात एक शब्दही खोटा नव्हता, हे मी येथे नमूद करतो. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

बाईंनी मार्गही सांगितला. गुजरातच्या कार्यालयाकडून ना हरकत दाखला आणा, येथला कर भरा, येथला नंबर घ्या. मात्र त्यासाठी येथला पत्ता लागेल. आणि येथेच सगळे अडले, कारण ताईचा येथे पत्ता नव्हता. तिचे ऊन-पाऊस, दुपारचा डबा, ओळखीपाळखी सगळे भाईंदर आणि हाटकेशच्या मधोमध होते. पण जेथे तिच्या नावाने टपाल येईल असे एक दारही या शहरात नव्हते.

बाहेर आलो तर आमच्या मागोमाग तेथवर आलेला दलाल वाटच पाहत होता. बातमी त्याला चेहऱ्यावरून कळते. "ताई, दुपारपर्यंत भाडेकरार करून देतो. हाटकेशला रूम आहे, कागदावरची. तुम्हाला फक्त सही करायचीय. इथे सगळे असंच करतात."

ताईने नवऱ्याला फोन लावला. ती गुजराती आणि मराठी मिसळून बोलत होती. बोलणे संपल्यावर म्हणाली की, घरचे म्हणतात करून टाक, कशाला एवढा त्रास. दलालाने पेन पुढे केले. ती पेनाकडे पाहत राहिली.

मी तेव्हा जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो, कारण त्या दिवसातले माझे तेवढेच वाक्य लहान होते. "ताई, जिथे तुम्ही राहत नाही तो पत्ता लिहून देऊ नका. मला आठवडाभर द्या."

"आणि आठवड्यात गाडी उचलली तर?" तिने विचारले. तरी तिने पेन घेतले नाही. पुढचे काही दिवस ती रिक्षाने गेली, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावरून पुढे जाताना घड्याळाकडे पाहत जवळजवळ धावत असे. दोनदा तिची गाडी चुकलेली मी पाहिली, कारण ती परत फिरून चहाच्या टपरीशी येऊन उभी राहिली आणि फोनवर मुलीला गोष्ट सांगू लागली.

माझ्याकडे मोटार वाहन कायद्याची मराठी पुस्तिका आहे. तिची पाने मी पूर्वी गरजेपुरतीच चाळली होती. त्या आठवड्यात मी ती बोट ठेवून वाचली. काही वाक्ये तीनदा वाचावी लागली, कारण कायद्याची वाक्ये माझ्या वाक्यांहूनही लांब असतात. त्यातून मला जे हाती लागले ते असे: कायदा नुसते घर पाहत नाही. माणसाचे घर किंवा त्याच्या कामाचे ठिकाण, आणि त्या ठिकाणी गाडी नेहमी ठेवली जाते की नाही, हे पाहतो. कामाचे ठिकाण तर ताईकडे होते. रुग्णालयाने तसा दाखला तत्काळ दिला. उरला प्रश्न एवढाच की, गाडी नेहमी ठेवली जाते कोठे? आणि हे मी तिला इतक्या दिवसांत एकदाही विचारले नव्हते.

ती मला घेऊन गेली. भाईंदर पूर्वेला नवघर गावात, चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या मध्ये एक मोकळी जागा राहिली आहे. पूर्वी तेथे भाताची मळणी होत असे. खळ्याचा मालक म्हणजे गावातल्या जुन्या घराण्यातील एक म्हातारा. एके काळी त्यांची शेती होती आणि खाडीकडे मिठागर होते. आता त्या खळ्यात दुरून येणाऱ्या नोकरदारांच्या गाड्या रांगेने उभ्या राहत. प्रत्येक गाडीवर पोते टाकलेले. म्हातारा माणसांना नावाने ओळखत नसे. तो त्यांना गावावरून हाक मारी. एक डहाणू होता, एक पालघर होता, एक सफाळा होता. आम्ही फाटकातून शिरताच तो ओरडला, "ए उंबरगाव, आज लवकर कशी?"

आणि मी पाहिले की तो तिच्या स्कूटरचे पोते झटकीत होता. रविवारी गाड्यांना कोणी हात लावत नाही म्हणून बॅटरी बसते. तेव्हा दर रविवारी तो स्वतः एकेक गाडी चालू करून थोडा वेळ तशीच ठेवत असे. ताई बाळंतपणासाठी गावी होती त्या काळातही म्हणे त्याने तिची आधीची गाडी अशीच राखली होती. ज्या गोष्टीचा पुरावा मी वीजबिलात आणि पासात शोधत होतो ती गोष्ट येथे पोत्याखाली उभी होती.

मी त्याला विनंती केली की, ही स्कूटर आपल्या खळ्यात नेहमी उभी असते एवढे एक पत्र द्यावे. मजकूर मी तयार करूनच नेला होता. म्हातारा ऐकत होता तोवर ठीक होता. मी कागद पुढे केला आणि त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"कागुद न्हाय. तोंडानं इचारा, हजार वेला सांगन. कागुद न्हाय देनार."

ताईने समजावून पाहिले, परंतु तिच्या गाडीची वेळ होत आली होती. ती माझ्याकडे पाहून, सांभाळून घ्या असे म्हणाली आणि निघाली. स्कूटर खळ्यातच होती. ती पायी स्टेशनकडे पळाली.

तिच्या माघारी म्हाताऱ्याने मला कारण सांगितले. त्याच्या बापाने एकदा असाच एका सुशिक्षित माणसाच्या सांगण्यावरून एका कागदावर अंगठा उमटवला होता. तो कागदही साधाच होता म्हणे, नुसते पाणी अडवण्याबद्दलचा. त्यानंतर मिठागर कधी आणि कसे गेले ते कोणालाच कळले नाही. तेव्हापासून या घराने जमिनीबद्दल एकही ओळ कोणाला लिहून दिली नव्हती. इमारतीवाले येऊन गेले, नातेवाईक येऊन गेले, खळे तसेच राहिले ते एवढ्या एका हट्टावर. आता मी त्याला सांगत होतो की, लिहून दे, तुझ्या जमिनीवर दुसऱ्याची वस्तू कायम असते.

मी माझा मजकूर पुन्हा वाचला आणि मला त्याची भीती दिसली. मी लिहिले होते की सदर वाहन खाली सही करणाराच्या मालकीच्या जागेत कायमस्वरूपी वास्तव्यास आहे. माझ्या कानाला ते वाक्य भारदस्त वाटले होते. त्याच्या कानाला ते मिठागर गेले तेव्हाच्या कागदासारखे वाटत होते.

त्याची बायको ओटीवर बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होती. ती सगळे ऐकत होती. आता मान वर न करता बोलली. "तिची पोर वाट बघते तिकरं. दे लिवून. पन तू सांगशील तसा लिवायचा, ह्यो सांगल तसा न्हाय."

मी इतक्या वर्षांचा अनुभव गिळला आणि कोरा कागद काढला. म्हातारा विचार करीत राहिला. नंतर त्याने एकेक वाक्य सांगितले आणि मी ते कागदावर उतरवले. फक्त त्याची बोली तेवढी मी प्रमाण भाषेत आणली. पहिले वाक्य त्याने जमिनीचे घातले. जमीन माझी आहे. ती मी कोणाला दिलेली नाही, देणार नाही. दुसरे, तिच्यावर ही स्कूटर उभी असते. तिसरे, स्कूटर उंबरगावच्या मुलीची आहे. चौथे, मुलगी नोकरी करील तोवर स्कूटर येथे उभी राहील. पाचवे त्याच्या बायकोने घातले: नोकरी सुटली तर मुलगी आपली स्कूटर घेऊन जाईल, आणि जमीन आमचीच राहील.

त्यात ना 'सविनय' होते, ना 'उपरोक्त', ना 'कृपाभिलाषी'. माझ्या हातून असा कागद त्यापूर्वी कधी गेला नव्हता आणि त्यावर माझे नाव नसावे असेच मला वाटले. म्हाताऱ्याने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. एकदा त्याने मला मधल्या वाक्यापासून उलट वाचायला लावले, मी काही मनाने तर वाचत नाही ना, हे पाहण्यासाठी. मग त्याने सही केली. सही करताना त्याने बायकोला जवळ बोलावले आणि तिच्याही सहीची जागा ठेवायला सांगितले.

कार्यालयात तो स्वतः आला. पांढरा सदरा घालून, घरपट्टीची पावती पिशवीत घेऊन. अधिकारी बाईंनी रुग्णालयाचा दाखला पाहिला, मग ते पत्र वाचले. पाच ओळींचे पत्र वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी म्हाताऱ्याला विचारले की, गाडी खरोखर आपल्याकडेच असते ना?

"हाय ना. रविवारी मीच चालू करतो," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पन बाय, जमीन आमची हाय."

"तसं पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलंय, आजोबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज स्वीकारला.

ना हरकत दाखला आणण्याची चिंता आम्हाला उगीच वाटत होती. ते कार्यालय ताईच्याच राज्यातले, त्यामुळे तिथे तिला पत्ता सिद्ध करावा लागला नाही. तो तर तिच्याजवळ होताच. रजेच्या एका दिवशी जाऊन तिने दाखला आणला. मध्यंतरी हवालदाराला ती अर्जाची पोच दाखवीत असे, आणि तो ती पाहून तिला जाऊ देत असे. काही आठवड्यांनी नवा नंबर मिळाला. कागदावर तिचा कायमचा पत्ता उंबरगाव असाच राहिला, आणि खाली गाडीपुरता नवघरच्या खळ्याचा.

दलालाने हा निकाल ऐकला तेव्हा त्याने दोन्ही मोबाईल खाली ठेवले. मग म्हणाला, "पाच ओळीत? आणि मला म्हणता मी शॉर्टकट मारतो." त्यानंतर मात्र परराज्यातले नोकरदार त्याच्याकडे आले की तो त्यांना पहिला प्रश्न विचारू लागला, गाडी रात्री कुठे असते? आणि उत्तर खरे असेल तर माझ्याकडे पाठवू लागला. वापीचा एक सुपरवायझर आला, दमणहून येणारे एक शिक्षक आले. प्रत्येकाच्या गाडीला कोणीतरी जागा देणारे होते: एका सोसायटीचा पहारेकरी, एका गिरणीवाल्याचे मागचे अंगण. या शहरात स्वतःचे दार नसलेल्या इतक्या लोकांची आठवण इतक्या लोकांनी आपापल्या आवारात राखून ठेवली आहे, हे मला माझ्या टेबलावरून दिसले नव्हते. ते अर्ज मी आता लिहितो. पहिले वाक्य अजूनही माझ्या पद्धतीचे असते. जागेच्या मालकाचे पत्र मात्र मी त्याला सांगू देतो आणि तसेच उतरवतो.

ज्या संध्याकाळी नवी पाटी बसवून ताई खळ्यात आली, त्या संध्याकाळी मी टेबल लवकर आवरून तेथे गेलो होतो. म्हातारीने ताट तयार ठेवले होते. स्कूटर जुनी, पाटी नवी, तरी हळद-कुंकू लागलेच. म्हातारा नारळ घेऊन उभा होता आणि ताई एका हाताने पदर सावरीत दुसऱ्या हाताने फोनवर वेळ पाहत होती. त्याच्या लक्षात आले.

"जा तू. तुजी गारी जाल," तो म्हणाला. "नारल मी फोरतो."

ती दोघांच्या पाया पडली, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि फाटकातून बाहेर पडली. म्हाताऱ्याने नारळ फोडला, तेव्हा ती स्टेशनचा जिना चढत असेल. पाणी चाकावर गेले, थोडे माझ्या चपलेवरही. थोड्या वेळाने म्हाताऱ्याचा फोन वाजला. त्याने तो कानापासून लांब धरला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावे. गाडी मिळाली, ताई म्हणत होती, बसायलाही मिळाले.

म्हातारीने नारळाची एक वाटी आम्हा दोघांत वाटली. दुसरी तिने फडक्यात बांधून स्कूटरच्या डिकीत ठेवली. उद्या ती वाटी ताईबरोबर मुलीसाठी उंबरगावला जायची होती.